तीन दिवस विचारायचं नाही

"मला कुणी इचारलं का?"

"मीटिंग झाली होती, काकू. ग्रुपवर मेसेज टाकला होता मी."

"टाकला म्हंजी, शेण टाकत्यात उकिरड्यावर, तसा टाकला. मी काय म्हणते, मला इचारलं का?"

"तुम्ही मेसेज वाचत नाही, त्याला मी काय करू?"

"वाचलं की आज. वाचलं म्हणून तर बोलतीय."

द्रौपदाकाकूंनी तो तीन पानी कागद सतरंजीवर ठेवला आणि त्याच्यावर चष्म्याचं घर दाबून ठेवलं. वारा नव्हता. तरी ठेवलं. समोर तेजस्विनी मांडी घालून बसली होती, मांडीवर बंद लॅपटॉप. काकूंचं लक्ष त्या लॅपटॉपवरच होतं. आपण खोलीत आलो की ही पोरगी झाकण खाली करते, हे त्यांनी गेल्या महिन्यात चारदा पाहिलं होतं.

शिनोलीत भीमाशंकरच्या रस्त्याला लागून काकूंचं घर आहे. मागच्या अंगाला पत्र्याच्या दोन खोल्या. 'समतळ' या मानवी हक्कांच्या संस्थेचं बायकांसाठीचं निवारा केंद्र त्या दोन खोल्यांत एकोणीस वर्षं चाललंय. संस्था पुण्याची, खोल्या काकूंच्या, आणि जेवण गावाचं. म्हणजे असं, की वार वाटून घेतलेले आहेत. सोमवारचा डबा घोडेगावच्या बचत गटाचा, मंगळवारचा ठकूबाईचा, बुधवारचा बौद्धवाड्यातल्या चार घरांचा. कुणी सांगत नाही, कुणी आठवण करत नाही. अकरा वाजले की डबा दारात.

गेल्या मंगळवारी डबा आला नाही.

काकूंनी साडेअकरापर्यंत वाट पाहिली आणि मुकाट्यानं स्वतः पीठ मळायला घेतलं. बुधवारी दोनच घरांचं आलं. गुरुवारी एकतीस बायांच्या सह्यांचं पत्र संस्थेच्या पत्त्यावर गेलं. आणि आज, रविवारी, केंद्राचं काम बघणारी तेजस्विनी संस्थेचं धोरण घेऊन आली होती. खाली काकूंच्या सहीसाठी मोकळी जागा.

"ते पत्र कुणी लिहिलं, काकू?" तेजस्विनीनं आता आपलं पान टाकलं.

"बायांनी."

"'महिलांच्या सुरक्षित अवकाशाचा संकोच' असं शिनोलीतली कुठली बाई म्हणते? मला दाखवा. कोण येऊन शिकवतंय तुम्हाला?"

"माझ्या पोरानं, संघर्षनं टाईप केलं चाकणवरनं. शिकलाय त्यो. तुलाच तेवढं अवघड बोलता येतं व्हय?"

उंबऱ्याशी बसलेली ठकूबाई खुदकन हसली. भाताच्या झोडणीवरनं तशीच उठून आली होती, केसांत भाताचं कूस. तेजस्विनीनं तिच्याकडे पाहिलं तसं तिनं हसू पदरात गुंडाळलं.

आता काकूंच्या 'तीन दिवसां'बद्दल सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावर उभं आहे.

केंद्र सुरू झालं त्या पहिल्याच वर्षी घाटाकडची एक बाई आली. अंगावरचे वळ लपवायला तिनं पोलक्यावरून नवऱ्याचा शर्ट घातला होता. गावातल्या बाया कळवळल्या. कुणाची गं तू, माहेर कुठलं, दीर किती, भरपूर विचारलं. त्या कळवळणाऱ्यांतली एकजण तिच्या जावेच्या मामेबहिणीची शेजारीण निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं नवरा दारात हजर. काकूंनी त्याला बसवलं, चहा पाजला, वर दुसरा कप पाजला, वीजमंडळात लाईनमन असलेल्या आपल्या नवऱ्याला, चांगदेवकाकांना, त्याच्याशी विजेच्या बिलावर बोलायला बसवलं. तोवर बाई मागच्या बांधावरून निघून गेली. कुठं गेली, काकूंना आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी काकूंनी नियम केला. आलेल्या बाईला तीन दिवस काही विचारायचं नाही. नाव नाही, गाव नाही, जात तर नाहीच नाही. पाणी द्यायचं, जेवायला घालायचं, केस विंचरायचे असतील तर विंचरायचे. चौथ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर काकू तिच्यासमोर बसणार आणि म्हणणार, "हां. आता सांग."

सातवी शिकलेल्या, शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईनं केलेला हा नियम पुण्याहून येणाऱ्या शिकल्यासवरल्या पोरींनी वहीत उतरून घेतला. काकूंना त्याचा अभिमान होता. दाखवत नसत, पण होता.

दिवाळी संपल्यावर श्रेया आली. उंच, खांद्यानं रुंद, आवाज बसलेला. डाव्या हातावर भाजल्याचा व्रण. तीन दिवस तिनं कुणाकडे मान वर करून पाहिलं नाही. काकूंनी तिच्या हाताला मलम लावलं. ती भाकरी अशी थापायची, की केंद्रात आधीपासून राहणारी कोंडाबाईसुद्धा म्हणाली, ही कुठल्या मोठ्या खटल्याच्या घरची सून असणार. चौथ्या दिवशी चहा झाला. काकू समोर बसल्या. "हां. आता सांग."

"माझं नाव श्रेया. घरच्यांनी ठेवलेलं नाव ऋषी."

काकूंचा हात कपावर तसाच राहिला. मग त्या एवढंच म्हणाल्या, "हाताला मलम लावलं का आज?"

त्यांनी तिला जा म्हटलं नाही. राहा असंही म्हटलं नाही. पण उठून बाहेर आल्या, तर तेजस्विनी अंगणात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. काकूंच्या मनात काडी पडली ती तिथं. हिला ठाऊक होतं.

काडीचं सरपण व्हायला वेळ लागत नाही. श्रेया यायच्या आदल्या आठवड्यात पुण्याची गाडी आली होती, दोघीजणी उतरल्या होत्या, खोल्यांचे फोटो काढले होते, "किती सुंदर काम आहे काकू" म्हणाल्या होत्या आणि चहा अर्धा ठेवून गेल्या होत्या. चहा अर्धा ठेवणाऱ्या माणसावर काकूंचा विश्वास नाही. मग लॅपटॉपचं झाकण. मग अंगणात जाऊन घेतलेले फोन. तोवर श्रेयाची बातमी गावात फुटून डबे थांबले होते. आणि आज हा कागद.

"तारीख बघ याच्यावर," काकू म्हणाल्या. "भादव्यातली हाय. ती आली दिवाळीनंतर. म्हंजी आधी कागद केला, मग माणूस आणलं."

"आणलं नाही, काकू. ती आपणहून आली. आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, मी ये म्हटलं."

"आन मला?"

"तुमचाच नियम. तीन दिवस विचारायचं नाही."

"मी इचारायचं न्हाई. तू सांगायचं न्हाई असं कुठं व्हतं?"

तेजस्विनी उत्तर द्यायला पुढं सरकली. वारूळवाडीची, द्राक्षवाल्या घरातली पोरगी, पुण्यात शिकून आलेली. वाद घालायला ती कमी नव्हती. पण काकूंनी आता कागदाचं दुसरं पान उलटलं होतं आणि ओळीखाली बोट धरून त्या शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचत होत्या.

"'शिनोली केंद्रातील श्रीमती द्रौपदा चांगदेव रोकडे यांच्या अनुभवसिद्ध पद्धतीस अनुसरून, जी व्यक्ती स्वतःस स्त्री म्हणवते, तिच्याकडे लिंगओळखीविषयी कोणत्याही टप्प्यावर विचारणा केली जाणार नाही.'" त्यांनी चष्मा काढला. "ही मी?"

"तुमचं नाव मीच घालायला लावलं," तेजस्विनी हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल. एवढ्या वर्षांचं तुमचं काम, ते आता सगळ्या जिल्ह्यात..."

"माझा नियम तीन दिवसांचा व्हता, तेजू. चौथ्या दिवशी आमी समदं इचारतो. नवरा मारतो का, दारू पितो का, तू कुणाचं काय चोरून आणलंस का, तुला मूल राह्यलंय का. आन ती सांगते. तुमी माझे तीन दिवस घेतले आन चौथा खाऊन टाकला."

"चौथ्या दिवशी विचारून काय करणार होता? ती बाई आहे का नाही, याचा पंचनामा?"

"तोंड सांभाळून," ठकूबाई उंबऱ्यावरून म्हणाली.

"असू दे गं ठके. बोलू दे." काकूंनी कागदावरचं बोट काढलं नाही. "मी तिला आजवर ती सोडून दुसरं काय म्हणले का? इचार तिला. पर कोंडाबाई हाय की न्हाई इथं? आहुप्यावरनं आली तवा तिचा जबडा बांधलेला व्हता. बाहेर कुणी पुरुष खोकला तरी ती भिंतीला चिकटती. तिला हे दुसऱ्याकडनं कळलं. अंथरूण उचलून माझ्या सैपाकघरात आली. तिचं भ्याव खोटं का?"

"खोटं नाही. पण ते श्रेयानं दिलेलं नाही. श्रेयालाही घरातल्या माणसांनीच भाजलंय, काकू. तीही कुणाच्या तरी खोकल्याला घाबरत असेल."

ही गोष्ट काकूंना पटली होती, आणि तेच त्यांना आवडलं नव्हतं. एकोणीस वर्षांत त्यांना कधी कुणाचं दुःख दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून, याचं मोठं का त्याचं, असं बघावं लागलं नव्हतं.

"मी काय म्हणते ऐक," त्या म्हणाल्या. "संघर्षची खोली रिकामी हाय. श्रेया तिथं राहील, माझ्या घरात, माझ्या माणसांत. कोंडाबाई आन बाकीच्या इथं. भाकरी एका चुलीवरची. हे लिहा तुमच्या कागदात, मी सही करते."

"नाही चालणार."

"का?"

"वेगळं ठेवणं म्हणजे तू यांच्यातली नाहीस असं सांगणंच झालं. तुम्हालाच हे मी सांगायचं का, काकू? वेगळं बसवणं म्हणजे काय असतं?"

बोलली आणि तेजस्विनीलाच ते जड गेलं. काकूंच्या आईला पाटलांच्या विहिरीपाशी तास तास थांबावं लागायचं, पाणी वरून ओतून मिळायचं, ही हकीकत काकूंनीच तिला या सतरंजीवर बसून सांगितली होती. काकूंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. नीट पाहिलं, कापड घेताना धागा बघतात तसं.

"ते तुला वापरायला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"सॉरी."

"आन सही न्हाई केली तर?"

तेजस्विनी लॅपटॉपच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. "केंद्र नारायणगावला हलवायचं म्हणतायत."

"म्हंजी ते बी आधीच ठरलंय."

"मी नाही ठरवलेलं."

"फोटो त्याच्यासाठी व्हते का गं? इथल्या खोल्यांचे? का आमी कशा हटवादी, ते दाखवायला?"

"तुम्हाला सगळ्यातच डाव दिसतो."

"मला डाव दिसतो, आन तुला आमच्यात शिकवलेल्या बाया दिसत्यात. फिटाफिट झाली."

ठकूबाई उठून उभी राहिली. तिच्या मांडीवर पडलेलं भाताचं कूस सतरंजीवर सांडलं. "दोघी मिळून बोलताय, बोलताय. जिच्यापायी चाललंय, तिला इचारा की. ती काय मुकी हाय?"

मागच्या खोलीत परातीत भाकरी थापण्याचा आवाज येत होता. तो कधी थांबला, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. श्रेया दारात उभी होती. मनगटापर्यंत पीठ. या दोन खोल्यांमधलं दार काकूंनी कधी बसवलंच नव्हतं, नुसता पडदा. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं.

"ये, बस," काकू म्हणाल्या.

ती बसली नाही.

"श्रेया, तू सांग," तेजस्विनी घाईनं म्हणाली. "तुला इथं, या सगळ्यांसोबतच राहायचंय ना? कुणाला घाबरू नकोस. तुझा हक्क आहे."

"तिच्या तोंडात उत्तर घालू नको," काकू म्हणाल्या. "मी इचारते. बाई, माझ्या घरात राह्यलीस तर तुला कमीपणा वाटंल का? खरं सांग. मी राग धरणार न्हाई."

"आन मला एक सांग," ठकूबाई मध्येच म्हणाली, पण आवाज आधीसारखा नव्हता. "इथं येताना तुला ठाऊक व्हतं का, आमच्यात असं व्हईल?"

तिघी तिच्याकडे बघत होत्या. तेजस्विनीच्या नजरेत आशा होती. ठकूबाईच्या नजरेत संशय होता, पण आता तो थोडा कानकोंडा झाला होता. काकूंच्या नजरेत काय होतं ते काकूंनाही सांगता आलं नसतं. त्यांना एवढं मात्र कळलं, की आपण तिच्या उत्तराची वाट बघतोय ती तिच्यासाठी नाही. तिनं 'नाही वाटणार' म्हणावं, म्हणजे हा कागद तेजस्विनीच्या तोंडावर परत करता येईल, एवढ्यासाठी.

श्रेयानं एकेकीकडे पाहिलं. मग ती आत गेली. बादलीत हात धुतल्याचा आवाज आला. कोनाड्यातली तिची कापडी पिशवी तिनं उचलली, तिघींसमोरून सतरंजीच्या कडेकडेनं, पाय न लावता, बाहेर आली. पायरीवर वाकून चपलेचा पट्टा लावला. पट्टा दोनदा निसटला. तिसऱ्यांदा लागला.

"अगं, भाकरी तर खाऊन जा," काकू म्हणाल्या.

रस्त्यावरून भीमाशंकरकडची एक जीप गेली. श्रेया ती जाईपर्यंत थांबली, मग रस्ता ओलांडून घोडेगावच्या दिशेनं चालू लागली.