अकरावी पाळी

वहिनींची भेंडी माझ्यामुळे वाळली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, घरातसुद्धा नाही. गावाला वाटतं, बाईला मोबाईल कळला नाही. वहिनींनाही तसंच वाटतं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ गेल्यावर आमच्या माले गावातलं रान त्या एकट्या करत होत्या. नदीवर आमची अकरा घरांची सामायिक मोटर आहे. उन्हाळ्यात पाळीपाळीनं पाणी. वीज कधी दिवसा, कधी रात्री, कधी येतच नाही, त्यामुळे पाळ्या पुढंमागं सरकतात. पूर्वी ज्याचं भिजवून व्हायचं तो पुढच्याच्या दारात जाऊन हाक मारायचा, "आता तुमचं." भांडणं व्हायची, पण कुणी सुटत नव्हतं.

मी हिंजवडीत एका कंपनीच्या स्टोअरला कारकून. तिथली पोरं कंप्युटरला कामाला लावतात आणि आपण नुसते आकडे भरतो, हे मनात खुपायचं. म्हणून भूगावात रविवारचा क्लास लावला. शिकवणारी मुलगी लातूरकडची, मला काका म्हणायची. व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा, आतला माल बदलला तरी नाव तेच. लिस्ट म्हणजे ओळीनं मांडलेले डबे, पण मोजायचे शून्यापासून. लूप म्हणजे एकच काम पुन्हा पुन्हा, आणि थांबायचं कुठं ते आपण सांगायचं. "काका, त्याला स्वतःची अक्कल नसते," ती म्हणायची. "चुकीचं सांगितलंत तर चुकीचंही तितक्याच मन लावून करेल."

मी हौसेनं पाळीचा प्रोग्राम लिहिला. भिजवून झालं की मला फोन करायचा, मी एक बटण दाबायचं, पुढच्याला मेसेज. अकरावा झाला की पुन्हा पहिला. लिस्टमध्ये पहिलं नाव माझं, शेवटचं वहिनींचं, कारण त्यांचं रान पाटाच्या टोकाला. पहिला मेसेज माझ्याच मोबाईलवर आला. मी खूश झालो आणि पुढं तपासलं नाही. मंडळींनी देवळापुढं माझं कौतुक केलं. हाका बंद झाल्या.

दहा घरं झाली आणि मेसेज पुन्हा मला आला. लवकर आला असं वाटलं खरं. पण एप्रिलचं ऊन होतं, माझी गवार माना टाकत होती. मी पाणी घेतलं.

वहिनी बांधावर आल्या. "भावजी, माजी पाळी कवा व्हती?"

"मेसेज आला न्हाई का?"

"मला न्हाई बा वाजल्याला कळला."

मोटरीपाशी बसलेला माझा दुसरा चुलतभाऊ हसला. "वैनी, तुमी रात्री घोरत असाल. कंप्युटर काय तुमच्यावर रुसलाय व्हय?"

त्याही हसल्या. म्हणाल्या, "आसंल बाबा. माजंच ध्यान न्हाई." पुढच्या फेरीपर्यंत मोबाईल कनवटीला लावून हिंडल्या. त्या फेरीतही तो वाजला नाही आणि मेसेज पुन्हा मलाच आला. या वेळी त्या सगळ्यांपुढं चिडून बोलल्या, "माजं पानी कुनीतरी खातंय." बाई संशय घेते, असं मागून बोलणं झालं. मीही मान खाली घालून ऐकलं. तोवर मला खरंच ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूनं.

त्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मुलीनं क्लासमध्ये सगळ्यांसाठी फळ्यावर लिहिलं. शून्य ते दहा असं सांगितलं तर लूप नवावरच थांबतो. जो शेवटचा आकडा द्याल, तो लूप धरत नाही. "यात सगळे फसतात," ती म्हणाली. "प्रोग्राम बंद पडत नाही, एरर येत नाही. फक्त शेवटचा सुटतो." मी हिशेब केला होता: अकरा नावं, शून्यापासून, म्हणजे शेवटचा आकडा दहा. म्हणून दहा लिहिला होता. बाकावर बसल्या जागी मी बोटांवर नावं मोजली, सुटलेलं शेवटचं नाव वहिनींचं होतं. दोन्ही वेळा वहिनींचं पाणी माझ्या रानात गेलं होतं.

घरी येऊन दहाच्या जागी अकरा केलं. तेवढंच करायचं होतं. तिथंच बोललो असतो तर चार शिव्या खाल्ल्या असत्या, हसं झालं असतं, आणि मिटलं असतं. पण कौतुक ताजं होतं.

पुढच्या फेरीत त्यांचा मोबाईल वाजला. भेंडीच्या तोवर नुसत्या काड्या उरल्या होत्या. त्या देवळापाशी आल्या आणि सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "भावजी, मी उगा वाईट बोलली. मलाच ते दाबायचं कळत नव्हतं. राग धरू नका."

मी म्हणालो, "असू द्या वहिनी."

ते तीन शब्द मला मूळ चुकीपेक्षा जास्त छळतात. चूक नकळत झाली होती. हे मी समजून उमजून बोललो.

पुढच्या वर्षी त्यांनी रान वाट्यानं दिलं. "आता समदं मोबाईलवर झालं, आपल्याला न्हाई जमायचं," म्हणाल्या. आता पाण्याच्या बैठकीला येत नाहीत. ज्या बाईला अकरा घरांच्या पाळ्या तोंडपाठ होत्या तिला मी पटवून दिलं की तिला काही कळत नाही. क्लास मी पुरा केला, सर्टिफिकेट मिळालं. ते कुणाला दाखवावंसं वाटत नाही.

त्यांचा काही दोष नव्हता, पाणी माझ्या रानात गेलं, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो, हे मला वहिनींना देवळापुढं, त्याच माणसांसमोर सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.