बिचारीची बढती

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे काजवाली म्हणत, कारण काज पाडण्याचे यंत्र ती चालवी. जन्मापासून तिला ऐकू येत नसे, त्यामुळे बोलणेही नव्हते. पण समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द ओळखी. सर्वांत लवकर ओळखू येई तो शब्द ‘बिचारी’. त्यात ओठ आधी मिटतात, मग हसल्यासारखे फाकतात आणि बोलणाऱ्याची मान जराशी कलते. हा शब्द ती हॉलच्या दुसऱ्या टोकावरूनही वाचू शके.

दयेची सोय अशी, की ती करणाऱ्याला स्वतःचे काहीच सोडावे लागत नाही. सुपरवायझर बाई निवृत्त झाल्या आणि काजवालीने त्यांच्या जागेसाठी अर्ज केला, तेव्हा हे उघड झाले.

मॅनेजर म्हणाले, “काम चोख आहे हो तिचं. पण सुपरवायझरला माणसांना झापावं लागतं. ही कशी झापणार?”

शेजारी बटणे लावणारी तिची नणंद दुभाषी होती. तिने हा प्रश्न खुणांनी वहिनीपर्यंत पोचवला. काजवालीने दोन्ही हात, भुवया आणि अर्धी कंबर वापरून बराच वेळ उत्तर दिले.

“काय म्हणते?”

“म्हणते, साहेबांनी शांतपणे विचार करावा.”

वहिनीच्या रागात नणंद नेहमीच असे पाणी घाली. दोघींच्या नोकऱ्या एकाच साहेबाच्या हाती होत्या.

सर्वांना समान संधी मिळते की नाही हे पाहायला मुख्य कार्यालयातून एक बाई यायच्या होत्या. मॅनेजरांनी घाईघाईने ‘आपण सारे समान’ असा फलक टांगला. तो नेमका काजवालीच्या दिव्यासमोर आला आणि तिला अंधारात काज पाडावे लागले.

बाई आल्या. मॅनेजरांनी काजवालीचा सत्कार सुचवला, सोबत फोटोही. काजवालीने मान हलवली: सत्कार नको, जागा हवी.

“कुणाची हरकत आहे?” बाईंनी हॉलला विचारले.

कॉलर शिवणाऱ्या काकू उठल्या. “माझी आहे. तिला ऐकू येत नाही, त्याचं काही नाही हो. पण दिसतं फार! मशिनींच्या खडखडाटात आम्ही आपल्या सुनांबद्दल दोन शब्द बोलतो, तेही हिला पार तिकडे कळतात. ही सुपरवायझर झाली तर आम्ही बोलायचं कुठे?”

“ओठांवरून कळतं?” मॅनेजर दचकले. “किती लांबून?”

त्यांची केबिन काचेची होती.

काजवालीचे हात चालू लागले. “म्हणते, साहेबांनी...” नणंद अडखळली. काजवालीने टेबलावर थाप मारली: सगळे सांग, जसेच्या तसे.

“म्हणते, साहेब परवा फोनवर मेव्हण्याला म्हणाले, जागा तुझीच समज, ती बिचारी काय करणार आहे! मग घरून फोन आला. तेव्हा साहेब ‘चुकलं गं, हो गं, परत नाही गं’ म्हणाले, तेही सांगू का, असं विचारते.”

“नको, नको!” मॅनेजर ओरडले, पण हॉल तोवर हसून लोटपोट झाला होता.

बाई हसल्या नाहीत. “मेव्हण्यांना शिवणकामाचा अनुभव?”

“तो मोबाइलच्या दुकानात असतो.”

“पण झापतात चांगलं?”

जागा काजवालीला मिळाली आणि फलक दिव्यासमोरून हटला.

ती कशी झापते, हे पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सर्वांना समजले. लोंबत्या बटणांचे शर्ट तिने नणंदेसमोर ढीग करून आपटले. “वहिनी, मी होते म्हणून जागा मिळाली ना?” नणंद कळवळली. काजवालीने तिच्या हातात सुई दिली. काकू कॉलरआडून बोलायला शिकल्या.

संध्याकाळी घरी काजवालीने नणंदेला थांबवले. आज हॉलमध्ये सगळ्यांच्या ओठांवर एक अनोळखी शब्द होता. त्यात ओठ मिटत नाहीत, शेवटी चंबू होतो आणि मान मुळीच कलत नाही. तो कोणता?

“कष्टाळू,” नणंद म्हणाली.

काजवालीने नुसती भुवई उंचावली.

“खडूस,” नणंद सावकाश म्हणाली.

काजवालीने तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. मग आणखी एकदा. आरशापुढे जाऊन तिने स्वतःच्या ओठांचा चंबू करून पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरले.

तेवढ्याने नणंदेला धीर आला. “काकूंनी नाही हं वहिनी, तो शब्द मीच काढला.”

काजवालीने प्रेमाने तिचा गाल ओढला आणि खुणेने सांगितले: उद्या बटणे नीट लाव.