रोजीच्या लग्नातला टोस्ट

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांनाही गेल्या महिन्यापर्यंत नाही. चूक माझी होती, आणि ती मी समजून-उमजून केली. एवढं आधीच बोलून टाकतो — म्हणजे पुढे मी गोड आठवणींत रमलोच, तर तुम्ही मला सूट देणार नाही.

आठवणी गोड आहेतच. त्याला काय करू?

मी वसईजवळच्या जूचंद्र गावचा. घरी थोडी भातशेती, वडील मिठागरात मजूर, शाळा मराठी. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी वालीवच्या एका छोट्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या मशिनवर होतो. शेजारच्या मशिनवर इनास — वसई गावाकडचा, ख्रिस्ती, देवळात, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेत गाणारा. त्याचे मामा जहाजावर होते. सुट्टीवर आले की अमेरिकेतल्या रॅपच्या कॅसेटी आणायचे. गाणं कमी, बोलणं जास्त, आणि तेही असं की जणू कुणी पाठीमागे लागलंय.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की इनास सायकल हाणत टेपरेकॉर्डर घेऊन यायचा. आम्ही मिठागराच्या बांधावर बसायचो. नवे सेल घातले तर काही म्हणता काही हाती लागायचं नाही. पण सेल उतरायला लागले की टेप मंदावायची — आवाज जड, झोपाळलेला, एकेक शब्द सुटा. मग कळायचं, अरे, हा असं म्हणतोय होय. लोक उतरलेले सेल उन्हात तापवून पुन्हा चालवायला बघतात. आम्ही ते सावलीत जपून ठेवायचो, शिकण्यासाठी. समोर मिठाचे ढीग, मीठ पिकवायच्या कोंड्यांतल्या पाण्यात उलटं आभाळ, स्तब्ध बगळे — आणि त्या संथ आवाजाच्या मागून पुटपुटत जाणारे आम्ही दोघं. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं असं इंग्रजी होतं ते. व्याकरण चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवलेलं. आई डोक्यावर पाटी घेऊन जाता जाता विचारायची, "त्या डब्यान कोन भांडतंय रं?"

"भांडत नाय मावशी," इनास म्हणायचा, "बायकोची समजूत काढतोय."

"मंग हलू काढ म्हना."

त्या दुपारी संपायच्याच नाहीत, असं मला आजही वाटतं.

इनासचा कान तयार होता, मी अडखळायचो. एकदा कारखान्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर एव्हरशाईन सिटीतली कॉलेजची पोरं होती. इनासने त्यांना दोन-चार ओळी म्हणून दाखवल्या. पोरं खूश. मग माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "आता जूचंद्रचा रॅप ऐका," आणि माझ्या गावठी बोलण्याची नक्कल केली — पानी, मानूस, कोन. सगळे हसले. मीही हसलो. तुम्हीही कधी असे हसला असाल, नाही का? तो तासाभरात विसरला. मी मात्र — असो.

पुढे मला अंधेरीला, परदेशातले फोन घेणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली. बांधावरचं इंग्रजी कामाला आलं. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात आम्हाला गाण्यांतून उचललेले शब्द निवडायला लावले, तांदळातल्या खड्यांसारखे: हे मित्रांत चालतात, हे चारचौघांत नाही, आणि हे बाईमाणसाबद्दल उच्चारले तर शिवी. माझे कान तापले. त्यांतले दोन आम्ही लाडाचे समजून वर्षभर घोळवले होते. मी हे इनासला सांगितलं नाही. का? पहिल्यांदाच माझ्याकडे असं काही होतं जे त्याच्याकडे नव्हतं.

मग त्याच्या धाकट्या बहिणीचं, रोजीचं लग्न ठरलं. नवरा वांद्र्याचा, ती माणसं घरातही इंग्रजीच बोलणारी. त्यांच्यात जेवणाआधी घरातलं कुणी माइक घेऊन वधूवरांचं कौतुक करतं आणि सगळे वाइनचे ग्लास उंचावतात — तो टोस्ट. मामा करणार होते, पण त्यांचं जहाज वेळेत पोचणार नव्हतं. मान इनासकडे आला. तो आनंदाने धावत बांधावर आला आणि तालासुरात अख्खा टोस्ट मला म्हणून दाखवला. रोजीसाठी त्याने ते दोन शब्द वापरले होते.

"बरोबर हाय ना रे? तू आता साहेबांत बसतोस."

मी म्हणालो, "एकदम फिट."

तुम्ही म्हणाल, लग्नाला चार दिवस होते, सांगता आलं असतं. हो. रोज सांगता आलं असतं.

मंडपात त्याने तो टोस्ट जीव ओतून म्हटला. मागच्या पोरांनी शिट्टी मारली, त्यावरून ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं. नवऱ्याच्या काकांनी उचललेला ग्लास तसाच खाली ठेवला, न पिता. रोजी हातमोज्याची शिवण चाचपत राहिली. इनास अजून हसत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी खाली मान घालून माझ्या ग्लासात बघत बसलो. शेवटी त्याचे वडील उठले आणि मराठीतून व्याह्यांची माफी मागितली.

मंडपामागे इनासने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"नाय रे, मला काय ठाऊक."

त्यावर तो म्हणाला, "मंग माझीच चूक. तुला उगाच मध्ये घेतलं." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात मला कित्येक वर्षं जाणवत राहिला.

मामांनी त्याला जहाजावर घ्यायचं ठरवलं होतं. इंग्रजीतून मुलाखत होती. तो गेलाच नाही. पुन्हा कधी त्याच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य ऐकलं नाही. रोजी नाताळला माहेरी येते ती एकटीच, तिच्या सासरचं कुणी त्या घराची पायरी चढलं नाही. आणि घरात अजून म्हणतात — इनासने केलं.

गेल्या महिन्यात मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "का?" टपरीवरची ती गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. गिळली. म्हणालो, "जळत होतो."

"रोजीला सांग," तो म्हणाला. "फोनवर नको."

मी वांद्र्याला गेलो. रोजीने दार उघडलं. आत तिच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्याच इंग्रजीतून म्हणालो, "रोजी, इनासला त्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. मला होता. त्याने मला विचारलं, तेव्हा मी खोटं बोललो, आणि नंतरही खोटंच बोललो. तुझ्या लग्नात तुला मान खाली घालायला लावली ती मी. माझं चुकलं."