पोटचा घरमालक

पडदा वर जातो तेव्हा समोर काचेचं ऑफिस दिसतं. लंडनमधल्या ईलिंगच्या हाय स्ट्रीटवरची, घरं भाड्याने लावून देणारी लेटिंग एजन्सी. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, भिंतीवर हातभर अक्षरांत ‘वॉकेबल नेबरहुड’. टेबलामागे टॉबी नावाचा एजंट, बिनमोज्यांच्या बुटांत. समोर दोन बायका: पर्स मांडीवर घट्ट धरलेली सुलक्षणा, वय त्रेसष्ट, आणि सोबतीला आलेली मी, वय विचारू नये.

पायी चालता येतं, याचीही आता जाहिरात करतात. उद्या ‘श्वास घेता येतो’ म्हणून भाडं वाढवतील.

सुलक्षणाला मात्र तेच हवं होतं. नागपूरहून लग्न होऊन ती ईलिंगला आली आणि एकोणीस वर्षं इथल्या शाळेत डिनर लेडी म्हणून मुलांना वाढत राहिली. तिच्या हातचे मटार नाक मुरडत खाल्लेली पोरं आज दाढीमिशांसकट रस्त्यात तिला मिठी मारतात. नवरा गेला आणि सहा वर्षांपूर्वी मुलगा परीक्षित तिला लंडनबाहेर ब्रॅकनेलला घेऊन गेला. पाच बेडरूमचं घर. भोवती तशीच चाळीस घरं. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागते, आणि सुलक्षणाला गाडी येत नाही. ‘‘आई, सांग ना, मी आणतो,’’ परीक्षित म्हणे. आणायचा शनिवारी. कोथिंबीर हवी असे मंगळवारी.

सहा वर्षं ती बाई शनिवारची वाट बघत जगली.

यंदा तिने माझ्या मागच्याच गल्लीत एका बेडरूमचा फ्लॅट शोधला. भाजीवाला, लायब्ररी, डॉक्टर आणि मी, सगळं दहा मिनिटांत. हा गेला तर पुन्हा ब्रॅकनेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

‘‘सॉरी,’’ टॉबी म्हणाला, ‘‘रेफरन्स फेल झालाय.’’

शेवटच्या घरमालकाने लेखी शिफारस द्यायची, असा इथला नियम. हिचा शेवटचा घरमालक कोण? पोटचा मुलगा! फॉर्म त्याच्याकडे गेला होता. टॉबीने स्क्रीन आमच्याकडे वळवली. भाडं वेळेवर दिलं का? ‘लागू नाही.’ घर स्वच्छ ठेवलं का? ‘माझ्यापेक्षा जास्त.’ या व्यक्तीला पुन्हा घर भाड्याने द्याल का? ‘नाही.’

आयुष्यभर नाटकांत मी कृतघ्न मुलांच्या आया केल्या. पण त्या मुलांना निदान वाक्यं तरी लांब असत!

‘‘बाळा,’’ मी टॉबीला म्हटलं, ‘‘मी या वस्तीत बत्तीस वर्षं राहते. हिची हमी मी घेते. माझं नाव लिही, पेन्शन लिही, हवं तर घर लिही.’’

‘‘सिस्टिममध्ये तसा बॉक्स नाही.’’

बॉक्स नाही! आमच्या दौऱ्यात मिरजेची घरमालकीण दारात तोंडाकडे निरखून बघायची, ‘‘जेवलात का?’’ विचारायची आणि किल्ली हातात ठेवायची. आम्हा नाटकवाल्यांना! इथे एकोणीस वर्षं अख्ख्या शाळेला जेवू घातलेली बाई नापास.

सुलक्षणाने फोन लावला. स्पीकरवर.

‘‘परी, हे काय लिहिलंस?’’

‘‘बरोबरच लिहिलंय. आईला कोणी घर भाड्याने देतं का? लोक काय म्हणतील!’’

‘‘अरे, यांना वाटतंय तू मला हाकललंस.’’

फोन म्हणाला, ‘‘मग बरंच झालं की. राहा ना इथेच. काय कमी आहे तुला?’’

‘‘कमी काही नाही रे. दार उघडलं की जायला कुठे नाही, एवढंच.’’

‘‘या समरला ड्रायव्हिंग शिकवतो. प्रॉमिस.’’

‘‘सहा समर झाले, परीक्षित,’’ मी फोनकडे तोंड नेऊन म्हटलं.

‘‘मंजिरीमावशी? तुम्हीपण आहात का तिथे?’’

‘‘प्रयोग असला की मी असतेच.’’

टॉबीने घड्याळाकडे बघत सांगितलं: घरमालकाने पाचच्या आत उत्तर बदललं तर ठीक, नाहीतर फ्लॅट पुढच्या जोडप्याला. सुलक्षणाने ते मुलाला सांगितलं.

‘‘पण आई, ते खोटं होईल ना! मी तुला पुन्हा घर भाड्याने कसं देणार?’’

बघा, तत्त्वाचा माणूस! आईला कधी तोंडावर ‘नाही’ म्हणाला नाही. लेखी मात्र देऊन बसला, आणि आता ते खोडायला त्याचं मन धजेना.

सुलक्षणाने पर्स टेबलावर ठेवली. पाठ ताठ केली. दीडशे पोरांना एका हाकेत रांगेत उभं करणारा तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

‘‘परी, ‘हो’ लिही. मी काही परत येणार नाहीये.’’