मांडीखालचे हात

विमान शिकवणाऱ्या माणसाला घरच्या बायकोला गाडी शिकवता येत नाही, हे ऐकून कुणालाही हसू येईल. मास्तरांच्या बायकोला मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं. मास्तर म्हणजे लष्कराच्या विमानशाळेतले सगळ्यात जुने शिक्षक. स्वभावाने अगदी लोणी, पण शिकणाऱ्याच्या शेजारी बसले की त्यांच्या अंगात यायचं. तिने वळण घ्यायच्या आत यांचा हात स्टिअरिंगवर, तिने पाय उचलायच्या आत यांनी हँडब्रेक ओढलेला. "अहो, गाडी मी चालवतेय की तुम्ही?" असं विचारून विचारून ती थकली आणि एक दिवस शेजारच्या शिंपीणबाईंना बरोबर घेऊन निघाली. आठवड्याभरात एकटी बाजारात जाऊन आली की! मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

पण तेव्हा त्यांना घरच्या गाडीकडे बघायला सवड कुठे होती? लढाई सुरू झाली होती आणि वरून हुकूम आला होता, वैमानिक लवकर हवेत, शिक्षण निम्म्यावर आणा. बैठक बसली. हवामानवाले म्हणाले, कवायत कमी करा. कवायतवाले म्हणाले, ढग बघायला कसलं आलंय शिक्षण, मान वर केली की झालं. दुसऱ्याच्या ताटातलं कमी करायला सगळे तयार, स्वतःचा घास कुणी सोडेना. शेवटी साहेब, म्हणजे शाळेचे प्रमुख, मास्तरांकडे वळले. "तुमचा गिरकीचा धडा गाळू या. लढाईत गिरक्या घेत कोण बसणार आहे?"

गिरकी म्हणजे काही गंमत नव्हे. वेग फार कमी झाला की पंखांचा आधार सुटतो आणि विमान गरगरत खाली येऊ लागतं. त्यातून बाहेर कसं यायचं हे आधी शिकलेला माणूस वाचतो. तिथल्या तिथे शिकायला वेळ मिळत नाही. मास्तर उसळलेच. "साहेब, वाटेल ते गाळा, माझा पगार गाळा, पण हा धडा नाही! हा गाळलात तर शत्रूच्या आधी आपणच आपली पोरं मारू."

साहेब काही वाईट नव्हते. त्यांच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं होतंच. "मग वेळ दुसरीकडून वाचवून दाखवा," ते म्हणाले. "सगळ्यात उशिरा एकटी उडतात ती तुमचीच मुलं. या तुकडीने इतरांना गाठलं तर धडा राहील. नाही तर गेला."

आली का पंचाईत! मी कच्चं कुणाला सोडत नाही, याच ऐटीत मास्तरांची हयात गेलेली. त्यांच्या तुकडीत एक मुलगी होती, सगळे तिला बडबडी म्हणत. जमिनीवर बोलायची, हवेत बोलायची, रेडिओवर तर विचारू नका. तिचं विमान कापसावर ठेवावं तसं टेकायचं, आणि तरी तिला एकटीला सोडायला मास्तर धजत नव्हते. एवढं छान उतरवते, मग आपण का कचरतो, हे त्यांचं त्यांनाच कळेना.

जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "त्या शिंपीणबाईंनी शिकवलं तरी काय एवढं?"

"काहीच नाही. शेजारी बसून स्वेटर विणत होत्या."

"आणि तू चुकलीस तर?"

"चुकले की! दोनदा गाडी कुंपणाला घासली. त्या ‘अगं बाई’ म्हणाल्या आणि टाके मोजत राहिल्या. मग मला कळलं, हे आता मलाच निस्तरायचंय."

मास्तरांचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी विमान उतरताना त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बडबडीच्या पुढ्यात एक दांडी, तिलाच जोडलेली दुसरी मास्तरांच्या पुढ्यात, आणि त्या दुसरीवर मास्तरांची बोटं अगदी हलकेच टेकलेली. अरे देवा! म्हणजे कापसावर उतरत होते ते मास्तरच. पोरीला वाटत होतं आपल्याला येतं, मास्तरांना वाटत होतं तिला येतं, आणि विमान बिचारं गुपचूप मास्तरांचं ऐकत होतं.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि वर घट्ट बसले. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं.

"सर, आज याला झालंय काय?"

"त्याला काही झालं नाही. आज तू उतरवलंस."

बडबडी चक्क गप्प झाली. पुढचे काही दिवस मास्तरांच्या कंबरेचे जे हाल झाले ते सांगायला नकोत. बायको शेक द्यायची आणि हसायची. पण चूक आता पोरांची स्वतःची होती, त्यामुळे ती सुधारायची घाईही त्यांनाच झाली. एका सकाळी मास्तर विमानातून खाली उतरले, दार लावलं आणि बडबडीला म्हणाले, "जा." ती गेली आणि नीट परत आली. पाठोपाठ सगळी तुकडी उडाली, तीही इतरांच्या आधी. साहेबांनी शब्द पाळला. धडा राहिला.

मास्तर खुशीत असतानाच बडबडीने विचारलं, "सर, म्हणजे आता आम्हाला लवकर पाठवतील ना?"

आपण वाचवलेले दिवस कुणाच्या पदरात गेले, हे मास्तरांना आत्ता उमगलं. ही पोर लढाईवर लवकर जाणार होती, आणि तिथे हिच्या शेजारी कुणी नसणार होतं. स्वतःच्या लेकीसाठी व्हावा तसा त्यांचा जीव कासावीस झाला.

"चल, बस," ते म्हणाले. "आज गिरकी."

बऱ्याच उंचीवर जाऊन त्यांनी विमान गिरकीत घातलं, "घे, तुझं," म्हणाले आणि हात मांडीखाली सारले. खालची जमीन गरगरायला लागली. बडबडीचं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मग ती किंचाळली, "सर, घ्या! तुम्ही घ्या ना!"

हात काढायला कितीसा वेळ लागला असता? मास्तरांचा जीव तुटत होता. पण आज आपण घेतलं, तर उद्या ही तिकडेही अशीच कुणाला तरी हाक मारत बसेल.

"तुझं आहे, बाळा," ते म्हणाले. "गिरकीच्या उलट्या बाजूचा पाय दाब. दांडी पुढे."

पाय दाबला गेला. दांडी पुढे गेली. फिरणं थांबलं आणि हळूहळू नाक वर आलं.

खाली येऊन इंजिन बंद केलं, तरी मास्तर जागचे हलेनात. हात इतके बधिर झाले होते की त्यांना स्वतःच्या पट्ट्याचं बक्कल सुटेना. तेव्हा बडबडीच वाकली आणि एक शब्दही न बोलता तिने त्यांचा पट्टा सोडवला.