अनिलची पिवळी रेघ

शहापुरात दीपेशचं जमिनीचे नकाशे काढून देणारं ऑफिस आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर शेताची कागदोपत्री हद्द लाल रेघेने दिसते आणि प्रत्यक्ष वहिवाट हिरव्या. तिथे काम करणाऱ्या सापगावच्या अनिल गोजरच्या स्क्रीनवर मात्र हद्द पिवळी, वहिवाट निळी आणि मागे काळाकुट्ट अंधार. "हळद लागलीय तुझ्या कॉम्प्युटरला," असं सगळे चिडवायचे. अनिल हसून म्हणायचा, "डोळ्यांना बरं वाटतं."

खरं कारण वेगळंच होतं. लाल आणि हिरवा त्याला एकसारखेच दिसायचे. लहानपणी आई लाल मिरच्या तोडायला पाठवायची आणि हा टोपलीत अर्ध्या हिरव्या घेऊन यायचा. पोरगं कामचुकार आहे म्हणून मार खायचा. पुढे नोकरीला लागल्यावर त्यानेच सेटिंगमध्ये खटपट करून रंग बदलले आणि अठरा वर्षं कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही.

यंदा दीपेशने प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली आणि सगळे रंग मूळपदावर आले. रंग पुन्हा कसे बदलायचे ते नव्या मेनूत अनिलला सापडेना. विचारावं तर बिंग फुटणार. म्हणून त्याने अंदाजाने काम उरकलं. नथूच्या शेताचा नकाशा काढताना हद्द समजून तो वहिवाटीच्या रेघेवरूनच गेला.

चार दिवसांनी नथू ऑफिसात आला तो तणतणतच.

"माझी विहीर रघूच्या वावरात कशी गेली? तिच्याभवतीची पट्टी तो कसतो, पण कागदावर ती माझीच हाय. सख्ख्या भावानं तुमचा कागद बघून पंपाला टाळं ठोकलंय. भेंडी पार सुकाया लागलीय माझी!"

दीपेशने जुना नकाशा काढून बघितला. "नव्या प्रोग्रामनंच घोळ घातला असेल," तो म्हणाला.

अनिलला पळवाट आयती मिळाली होती. गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण उद्या आणखी कुणाची विहीर?

"प्रोग्रामचा दोष नाय," तो म्हणाला. "चूक माझी हाय. मला लाल नि हिरवं वेगळं दिसतच नाय."

दीपेश भडकला.

"इतकी वर्षं बोलला का नाय, अनिलभाऊ?"

"कामावरून काढलं असतं ना तुमी."

दीपेशने नकाशा दुरुस्त केला, नथूला गाडीवर घेतलं आणि स्वतः रघूच्या घरी जाऊन पंपाचं टाळं उघडायला लावून आला. परत आल्यावर अनिलशेजारी खुर्ची ओढून बसला. तासभर दोघांनी मेनू धुंडाळले, तेव्हा कुठे पिवळी रेघ परत आली.

संध्याकाळी अनिलने घरी सगळं सांगितलं. आई, सकुबाई, अंगणात वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजे तवा तुला खरंच कळत नव्हतं?"

"नव्हतं गो आई."

"आन मी तुला फोकानं मारला."

"जाऊ दे गो आता."

पण सकुबाईने जाऊ दिलं नाही. तिने त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि चाळीस वर्षांपूर्वीचे वळ शोधत बसली.