गाईच्या पोटात आमची नर्सरी

माझा उजवा हात कोपराच्या वरपर्यंत गाईच्या पोटात होता आणि बोटांना जे लागत होतं ते वैरण नव्हती.

"काय घावलं डॉक्टरसाब?" गाईचं तोंड धरून उभ्या असलेल्या रुख्मणबाईनं विचारलं.

"थांबा मावशी. घट्ट धरा तिला."

टेंभुर्णीच्या रुख्मणबाईची ही गाय चार दिवसांपासून खात नव्हती. रवंथ बंद. डावी कूस ढोलासारखी फुगलेली. नळी घालून गॅस काढला की तासाभरात पुन्हा फुगायची. औषधानं जमेना तेव्हा पोट उघडायचं ठरवलं. हे ऑपरेशन गाय उभी असतानाच करतात. डाव्या कुशीवरचे केस काढायचे, जागा बधिर करायची आणि वीतभर चीर द्यायची. आत पोटाचा पहिला, सगळ्यात मोठा कप्पा असतो. आम्ही त्याला रूमेन म्हणतो. गाय गिळते ते सगळं आधी इथं येतं. चारा भिजतो, रवंथ होतो, पुढे जातो. प्लास्टिक पुढे जात नाही. ते तिथंच एकमेकांत गुंतत राहतं आणि त्याचा पीळ पडलेला गोळा होतो.

तसा गोळा मी बाहेर ओढला. मोठ्या कलिंगडाएवढा होता. वास असा की मदतीला आलेले शेजारचे दोघं मागं सरकले. घमेल्यात टाकून पुन्हा हात घातला. तीनदा काढावं लागलं.

टाके घातल्यावर मी घमेल्यात पाणी ओतून एक तुकडा धुतला. काळी, जाड पिशवी. खालच्या अंगाला गोल भोकांच्या दोन ओळी. किराणा दुकानातल्या पिशवीला भोकं नसतात. पाणी निथरावं म्हणून भोकं असतात ती रोपांच्या पिशवीला. अशा पिशव्यांचे गठ्ठे मी रोज बघत होतो, कारण माझं टेबल नर्सरीच्या गोडाऊनला लागून होतं.

रुख्मणबाईनंही ओळखली.

"ह्या तर तुमच्या संस्थेच्याच की," ती म्हणाली. "मागल्या साली टेकडीवर झाडं लावायला म्याच गेल्ते. मुकादम म्हणला, पिशवी फाडा अन् फेका तिकडंच. म्या फेकल्या. माझ्याच हातानं फेकल्या अन् माझ्याच गाईनं खाल्ल्या."

ती रडली नाही. घमेलं उचलून तिनं माझ्या मोटारसायकलजवळ आणून ठेवलं. "न्या सायबाला दाखवाया."

आमची संस्था पर्यावरणाचं काम करायची. जालना जिल्हा नवा होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. उघड्या गायरानांवर झाडं लावायची, माती धरून ठेवायची, हे काम. मी संस्थेचा पशुवैद्य. मला ठेवलं होतं ते गाईंच्या प्रेमापोटी नाही. आमची रोपं जनावरं खातात, म्हणून लोकांनी जनावरं बांधून ठेवावीत, आणि त्या बदल्यात त्यांना फुकट औषधपाणी मिळावं, असा हिशेब होता. थोडक्यात, गाईंपासून झाडं वाचवायला माझी नेमणूक होती. झाडांपासून गाईंना कोण वाचवणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवीन जालन्यातल्या ऑफिसात संचालकांसमोर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर धुतलेल्या पिशव्या मांडल्या.

पाथ्रीकर सर वाईट माणूस नव्हते. आलेली पाकिटं उलटी करून वापरायचे. खोलीत कुणी नसताना पंखा चालू दिसला तर ओरडायचे. त्यांनी पिशव्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"कुणी कुणी पाहिलं हे?"

"गाईनं पाहिलं सर."

"चेष्टा नको. पुढच्या सोमवारी टेंभुर्णीत लागवड आहे. मदत देणारे पाहुणे येऊन राह्यले. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय?"

मी कागद दिला. 'संस्थेच्या नर्सरीतील प्लास्टिक पिशव्या गिळल्याने रूमेन बंद पडले.' त्यांनी 'संस्थेच्या नर्सरीतील' यावर पेन ठेवला.

"इथं 'बाह्य वस्तू' लिहा. तुमच्या शास्त्रातलाच शब्द आहे ना?"

"शब्द शास्त्रातला आहे. पण वस्तू बाहेरची नाही सर, आपली आहे."

"एका गाईपायी सगळ्या कामाला काळं फासायचं?"

"एक कशी? मी एकीचं पोट उघडलं. बाकीच्यांचं उघडलं नाही, एवढंच."

"तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात. नर्सरी तुमच्या टेबलावर येत नाही."

"कालपासून आली."

त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. म्हणालो, "दुसरा लिहायचा तर तुम्ही लिहा आणि खाली तुमची सही करा. माझी सही ह्याच्याखालीच राहील."

बाहेर आलो. घरी दोन मुलं शाळेत, नोकरी वर्षाच्या करारावरची. पण खरं सांगतो, त्या दिवशी दुपारी मला कडकडून भूक लागली होती.

जेवून मी नर्सरीत रफिकभाईंकडे गेलो. नर्सरी त्यांच्या हाताखाली होती. पिशवी पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"डॉक्टरसाब, माती मी कालवतो. शेणखत मी घालतो, रासायनिक खत मी टाकतो. त्याचा खारा वास पिशवीला बसतो."

"म्हणूनच खातात. आपल्याकडच्या जनावरांना क्षार कमी पडतात. खारट लागलं की चाटतात, चघळतात अन् गिळतात."

रफिकभाई उठून रोपांच्या दोन पिशव्या घेऊन आले. एक फाडली. दुसरी बाजूनं हलक्या हातानं दाबून, उलटी करून मातीच्या गोळ्यासकट रोप बाहेर काढलं. पिशवी अखंड राहिली.

"हे बघा. अशी काढली तर दोन-तीन साल बराबर चालते. फाडायची गरज बिलकुल न्हाई. अन् कडुलिंब, बाभूळ तर खड्ड्यात बी टाकलं तरी येतात. त्यांना पिशवी कशाला?"

"मग इतकी वर्षं भरतो कशाला?"

रफिकभाई कसनुसे हसले. "बी जमिनीत असतं साब. त्याचा फोटो निघत न्हाई. पिशव्या रांगेत मांडल्या की मोजता येतात, फोटो चांगला येतो."

सोमवार आला. टेकडीच्या पायथ्याशी रोपांनी भरलेला टेम्पो, पाहुण्यांसाठी सतरंजी, आणि कामाला आलेल्या पंचवीस-तीस बाया. टेम्पो उतरवायला सुरुवात होणार तेवढ्यात रुख्मणबाई पुढे आली आणि टेम्पोच्या पुढच्या चाकापाशी बसली. तिच्या मागं बाकीच्या बसल्या.

मुकादम धावला. "काय झालं मावशी? जल्दी करा, पाहुणे आले."

"झाडं लावतो की," रुख्मणबाई म्हणाली. "पर रिकामी पिशवी टेम्पोत जाईल. टेम्पो आमच्यापाशी थांबणार असंल तर खड्ड्याला हात लावतो."

"टेम्पोला दुसरी खेप हाय."

"मंग खेप करून येऊ द्या. आम्ही बसलो हितंच."

पाथ्रीकर सर माझ्याजवळ आले. आवाज दबलेला, पण मानेची शीर दिसत होती. "हे तुम्ही शिकवलं ना यांना?"

"नाही सर. मी शिकवायला पाहिजे होतं. मला सुचलं नाही."

हे अगदी खरं होतं. मी रिपोर्टवर अडून बसलो होतो. टेम्पो अडवायचं त्या बाईला सुचलं.

पाहुण्यांत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी विचारलं, काय चाललंय? सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता आणि मी तो न कळल्यासारखं केलं. मी सांगितलं. गाय, पोट, पिशव्या, सगळं. शेवटी म्हणालो, "ही गाय या बाईंची. त्या पिशव्या आमच्या."

त्या वयस्कर बाई टेकडीकडे पाहत राहिल्या. वर मागच्या वर्षीची झाडं गुडघ्याएवढी झाली होती, आणि काटेरी झुडपांना अडकून काळ्या चिंध्या फडफडत होत्या. त्या चिंध्या आम्ही सगळे वर्षभर पाहत होतो. दिसल्या त्या दिवशी.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मुकादमाला म्हणाले, "टेम्पो इथंच थांबेल. दुसरी खेप उद्या." आणि स्वतः टेम्पोतून एक रिकामं पोतं ओढून पहिल्या खड्ड्याजवळ नेऊन ठेवलं. रफिकभाईंनी बायांना पिशवी न फाडता काढायचं दाखवलं. रुख्मणबाई सगळ्यात शेवटी उठली. टेम्पो खरंच थांबलाय याची खात्री करून.

त्यानंतरच्या रविवारी टेकडीवरच्या जुन्या पिशव्या वेचल्या. मजुरांनी नव्हे, ऑफिसच्या माणसांनी. ही अट माझी होती आणि त्यावरून सरांशी पुन्हा एकदा वाजलं. हिशेब लिहिणाऱ्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळे आले. सरही आले, दोन पोती भरली आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात लिंब आणि बाभूळ बियांनीच लावली. बाकीच्या रोपांच्या पिशव्या जितक्या जायच्या तितक्या परत यायच्या, आणि कमी भरल्या तर मुकादमाला पुन्हा टेकडी चढावी लागायची.

रुख्मणबाईच्या गाईनं तिसऱ्या दिवशी रवंथ सुरू केला. जगली. पण दूध पहिल्यासारखं आलं नाही. नंतरच्या दोन वर्षांत त्याच गावच्या आणखी दोन गाईंची पोटं मला उघडावी लागली. पिशव्या जुन्याच. एक गाय गेली. तिच्या मालकानं मला दारात उभं केलं नाही.

माझा करार त्यांनी आणखी एक वर्ष वाढवला. त्यापुढे वाढवला नाही. कारण दिलं नाही, मी विचारलंही नाही.

पुढे नोकरी शोधत मी तीन संस्थांत मुलाखती दिल्या. तिन्ही पर्यावरणाच्याच. शेवटी विचारायचे, तुमचा काही प्रश्न? मी म्हणायचो, तुमच्या कामातून निघणारा कचरा कुठं जातो? पहिल्या ठिकाणी हसले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आमच्याकडे कचरा निघतच नाही. तिसऱ्या ठिकाणच्या बाई खुर्चीवरून उठल्या, मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या, आणि म्हणाल्या, "हा बघा. याचं काय करावं ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

तिथं मी अकरा वर्षं काम केलं.